गाडी आली की पुस्तक मिटायचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय कारभारीअण्णा, नाशिकहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापकसाहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती सलिमाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या इगतपुरीकर बंधुभगिनींनो! आणखी काही जण बाहेर पायरीवर बसलेत. त्यांनाही नमस्कार.

मला आभार मानायला उभं केलंय. पाहुण्यांचं भाषण फार छान झालं. अभ्यासात मन एकाग्र कसं करावं, हे त्यांनी चांगलं तासभर समजावलं. शब्द न् शब्द सोन्याचा होता, आणि कर्णा मी स्वतः बांधल्यामुळे तो स्टेशनापर्यंत ऐकू गेला. हसू नका, मंडळी. मला आज हसू येत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी सहादू, सगळे नाना म्हणतात. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड लोक ड्यूटी संपवून झोपायला येतात तिथं, स्वयंपाकी होतो. शाळेची पायरी चढलो नाही. स्टेशनच्या पाट्या आणि तेलाच्या डब्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो. त्यामुळे शिकणाऱ्याचं मोल मला इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज होता.

सलिमाबाई आज नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. पण शाळा सुटल्यावर, रोज संध्याकाळी, या समाजमंदिरात त्या पोरांना अभ्यासाला बसवायच्या. सुरुवातीला आम्हीच म्हणालो, बाई, इथं खिडकीखाली रूळ. घाट चढून मालगाडी आली की मांडणीतली भांडी थरथरतात. इथं कसला अभ्यास? बाई म्हणाल्या, "नाना, गाडी थांबवणं आपल्या हातात आहे का? मग तिलाच कामाला लावू."

आणि लावलं! गाडी आली की पुस्तक मिटायचं. ती जाईपर्यंत, आत्ता काय वाचलं ते शेजारच्याला मोठ्यानं सांगायचं, पुस्तकात न बघता. आवाज असतोच, मग चुकायची लाज कुणाला? गाडी गेली की पुस्तक उघडून बघायचं, काय सुटलं ते. झिपरूचा लखन पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, म्या सगळं वाचलं व्हतं. सांगताना कायच नाय आलं." बाई म्हणाल्या, "वाचलं नव्हतंस बाळा, पानं उलटली होतीस." मला हे लगेच पटलं. आमटी नुसती बघून मीठ कळतं का? चाखावीच लागते.

फळ्याचंही तसंच. आज सोडवलेलं गणित पुसायचं नाही. उद्या आल्यावर फळ्याकडं पाठ करून तेच पुन्हा सोडवायचं, आणि मग वळून ताडून बघायचं.

आता पुढचं सांगायलाच हवं. चार दिवसांपूर्वी सत्काराच्या कमिटीनं मला बाईंकडं पाठवलं, निरोपाला काय भेट हवी ते विचारायला. बाई म्हणाल्या, "शाल-बिल नको, नाना. सोमवारी दहावीचे पेपर सुरू होतायत. ते संपेपर्यंत ही खोली रोज संध्याकाळी उघडी ठेवा. शब्द द्या." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "दिला, बाई."

आणि आज समारंभाला जागा हवी म्हणून मीच पोरांना सांगितलं, पळा, आज सुट्टी!

पाहुण्यांपुढची ही चादर उचलून बघा. खाली पोरांची बाकं आहेत, एकाला एक जोडलेली. फळ्यावर रंगीत खडूनं 'हार्दिक सत्कार' लिहिलंय, तिथं कालचं गणित होतं. तेही मीच पुसलं, ओल्या फडक्यानं. लग्नाच्या गडबडीत नवरदेवालाच मांडवाबाहेर ठेवावं, तसं झालं.

बाई दारात आल्या तेव्हा त्यांनी हाराकडं बघितलं नाही. विचारलं, "नाना, मुलं कुठायत?" मी म्हणालो, "बाई, आज तुमचा दिवस." बाई फळ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, भरून आलं असेल. माणूस आपल्या सोयीचं कसं समजून घेतो बघा.

मघाशी पेढे आणायला बाहेर गेलो, तर दिव्याखालच्या पायरीवर पोरं दाटीवाटीनं बसलेली. वत्सलाबाईंची पल्लवी कानात बोटं घालून वाचत होती. म्हटलं, "अगं, आत ये की. पाहुणे एकाग्रतेवरच बोलतायत."

"त्यांचंच ऐकू येतंय ना, नाना. म्हणून दुसरं कायच डोक्यात शिरत नाय."

लखन पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "गाडी बरी. निघून तरी जाते."

परत येताना मी पेढे पुढं केले. एकानंही घेतला नाही.

पाहुण्यांनी राग मानू नये. त्यांना काय ठाऊक? ठाऊक मला होतं. रनिंग रूममध्ये ड्रायव्हर झोपला की मी फोडणीसुद्धा दार लावून द्यायचो. त्याच्या झोपेवर गाडीभर माणसांचा जीव असतो, एवढी अक्कल तिथं होती. आणि इथं, परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांच्या कानाशी मी कर्णा बांधला!

थांबा. मालगाडी येतेय. आता मला बोलता यायचं नाही. पण जरा दाराकडं कान द्या.

…

ऐकलंत? शेवटचा डबा गेल्यावरही क्षणभर ऐकू येत होतं. कुणी इतिहास सांगत होतं, कुणी प्रमेय. आपण त्यांना बाहेर काढलं, तरी गाडी आल्यावर त्यांनी पुस्तकं मिटलीच. बाई, संध्याकाळपासून तुम्ही आत्ता पहिल्यांदा हसलात. मी बघितलं.

तर अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मांडववाल्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल तर पोटात घाला. उण्याअधिकाबद्दल सभेची क्षमा मागायची रीत आहे. मला आज क्षमा मागायचीय ती बाईंची आणि पायरीवरच्या पोरांची. अनवधानानं झालं, असंही म्हणणार नाही. शब्द दिला होता आणि मोडला.

पेढे आणि चहा अंगणात मिळेल. मंडळी, उठताना आपापली खुर्ची उचलून न्या, ओढू नका. अण्णा, साहेब, तेवढे हार बाजूला घ्या, बाकं मोकळी करायचीत.

आणि पल्लवी, कर्णा बंद करायच्या आधी एवढंच. कालचं गणित मी पुसलं गं. आत या सगळी. तुला येत असेल तर न बघता परत मांड.