टाकीचं झाकण

दातांच्या दवाखान्यात माझ्यामागे नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, बाबांची जुनी गाडी शेवटी भंगारात दिलीत?”

“छे हो वन्सं, झकास चालतेय!”

“इंजिन गेलं म्हणत होते ना?”

“एका मेकॅनिकने इंजिन काढायला सांगितलं, दुसऱ्याने पंप बदलला. तरी वाटेत बंद पडायचीच. पण पेट्रोल भरलं की बरी धावायची. म्हणून परवा बंद पडल्यावर मीच टाकीचं झाकण उघडलं. फुस्सकन हवा आत गेली आणि गाडी सुरू! झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घट्ट बसवलेली. हवाच आत जाईना, तर पेट्रोल कसं पुढे सरकणार?”

“पिशवी कुणी बसवली?”

“तुमच्या बंधुराजांनी! सासूबाईंना पेट्रोलचा वास सोसत नाही ना.”

“मग आता आई?”

“नाकाला रुमाल लावून बसतात. म्हणतात, ‘वास येतोय ना? मग पोचू आपण.’”