रिकामी लाइन

फाइल नीट ठेवली की काम नीट होतं, असं मला कोणी सांगू नका. माझी फाइल एकदम नीट होती.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत प्लांट बंद ठेवून आमचं शटडाऊनचं काम चाललेलं. टाकीमागची ॲसिडची पाइपलाइन खोलायची होती. तिच्या तळाचा ड्रेनचा नळ उघडून बघितला, एक थेंब आला नाही. मी मनोज फिटरला म्हटलं, रिकामी आहे, खोल. आणि जोडात बसवायच्या गॅस्केटचा साइज विचारायला केबिनमधून काशीनाथदादांना फोन लावला. दादा आमचे जुने फिटर, आता जोहे गावी मुलाच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती रंगवतात.

"कुठची लाइन?"

"टाकीमागची. मनोज खोलतोय."

"अरे, ड्रेन चोकअप असतो तिचा. आत भरलेली हाय ती. पळ."

पळालो. मनोजनं दोन बोल्ट सैल केलेले, तिसऱ्याला पाना लावलेला. त्याच्या बुटाशेजारी लादीतून धूर निघत होता. मी त्याला कॉलरला धरून मागे ओढला.

संध्याकाळी दादांना फोनवर म्हटलं, "हे आधी सांगायचंत ना."

"सांगितलेलं. तू लिवून घेतलंस."

प्रत्येक काम संपलं की काय शिकलो ते आम्ही एका फाइलमध्ये लिहितो, ऑडिटवाल्यांसाठी. ती काढली. तिसऱ्याच पानावर होतं, 'टाकीमागची लाइन रिकामी वाटते, रिकामी नसते.' खाली माझी सही.

मग घाम पुसत उरलेली पानं वाचली. त्यांत परत करायच्या नाहीत म्हणून लिहिलेल्या चार चुका आम्ही त्याच आठवड्यात करून बसलो होतो.