गुजरी महालातले भंगलेले देव

गुजरी महालातलं म्युझियम पाहून आलेली सासू, सून आणि दोन मुलं माझ्या शेजारी पायरीवर टांग्याची वाट पाहत बसली होती.

"राजलक्ष्मी, गजूचा एक बूट कुठाय?"

"आत राहिला, सासूबाई. हे आणायला गेलेत."

"आणि शकू का रडतेय?"

"दगडाच्या देवीला पुरी भरवत होती. पहारेकऱ्यानं हटकलं."

"भंगलेल्या मूर्तीला नैवेद्य दाखवत नाहीत, शकू."

"आजी, तिथे तर सगळेच टूटे हुए हैं. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही. त्यांना नदीत का नाही सोडलं? आईची अन्नपूर्णा तर उद्या सोडणार ना?"

"शकू, गप्प बस."

"बोलू दे तिला. गजूनं पाडली, हात तुटला. अशी मूर्ती घरात ठेवू नये, रीत आहे."

"मी कुठं नाही म्हणतेय? लग्नात आईनं दिलेली. तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

"इथे तर भंगलेले देव पहारा बसवून ठेवलेत, राजलक्ष्मी."

"हो."

"टांगा आला, आणि तुझा नवराही आला बूट घेऊन. गजूला उचल. आणि हे बघ, अन्नपूर्णा देवघरात नको. तुझ्या ट्रंकेत ठेव, लुगड्याच्या घडीत."

"बरं, सासूबाई."

"शकूला तिथे पुरी ठेवू देऊ नकोस. मुंग्या लागतील."