मागचे दिवे

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची वाट बघत बसलो होतो. समोर काचेपलीकडे नव्या रूपातली मोठी गाडी उभी होती. पलीकडच्या सोफ्यावरच्या काका-काकूंशेजारी एक तरुण येऊन टेकला, तोच काकांनी त्याला गाठलं.

“काय हो, कशी वाटते ही नवी? मला तर पुढून जबडा वासल्यासारखी दिसते.”

“खरंय काका. जुनीचा चेहरा सोज्वळ होता.”

“आणि मागचे दिवे बघा. नुसती बारीक रेघ ओढून ठेवलीय.”

“छे, मागून तर फार देखणी आहे.”

“कसली देखणी? जुने दिवे कसे ठसठशीत होते.”

“अहो, नीट बघा तरी. ती रेघ डिकीवरून काय सुरेख वळलीय. काढणाऱ्याच्या हातात जादू आहे.”

“असेल बुवा. तुम्ही म्हणताय म्हणून.”

“अहो, पुरे आता,” काकू म्हणाल्या. “आपली गाडी कधीची धुऊन तयार आहे.”

“थांब गं जरा.”

“काकू, काकांना ही गाडी मुळीच पटलेली नाही वाटतं.”

“न पटायला काय झालं? ते दिवे कंपनीत आमच्या धाकटीने डिझाइन केलेत. आपल्या तोंडाने पोरीचं कौतुक कसं करायचं, म्हणून नावं ठेवतात आणि लोकांकडून वदवून घेतात.”

“मग तो जबडा?”

“तो तिच्या साहेबांचा. तो खरंच वाईट आहे.”

तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या.

“अहो ताई, इकडे बसा ना,” काकू सरकत म्हणाल्या. “तिथून मागची बाजू दिसत नाही.”