तारीख न मिळालेलं तिसरं प्रकरण

बारा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. बावीस वर्षांपूर्वी, याच सभागृहात.

अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, निवृत्त होत असलेले आपले कायदा सचिव, त्यांच्या सौभाग्यवती आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, नमस्काराआधी तारीख सांगितली. शाळेत मला भाषण शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांना हे मुळीच खपलं नसतं.

सचिवसाहेबांचं कौतुक करायला मला बोलावलंय. राज्यघटना तयार करणाऱ्या समितीत मी सदस्य होते आणि साहेब आमचे तरुण मसुदाकार. भाषा नेटकी, स्वभाव शांत. झेंड्यातला निळा रंग गडद की फिका, यावर आम्ही मोठी माणसं तीन दिवस भांडलो. साहेब एकदाही हसले नाहीत. याला मी खरंच मोठा गुण मानते.

तिसरं प्रकरण माझं. अटक झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी न्यायाधीशासमोर उभं करायचं, असं त्यात आहे. ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. मग त्या बारा फेब्रुवारीच्या संध्याकाळी साहेबांनी शेवटची ओळ वाचली : 'हे प्रकरण सरकार ठरवील त्या तारखेपासून लागू होईल.'

मी उठले. म्हटलं, तारीख आत्ताच घाला.

समितीचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, बसा हो. उजेड आहे तोवर फोटो उरकू."

साहेब हळूच म्हणाले, "महिन्याभराचा प्रश्न आहे, मॅडम."

फोटो चांगला आला. तिसरं प्रकरण मुलं शाळेत पाठ म्हणतात, कचेऱ्यांच्या भिंतींवर ते टांगलेलं आहे. लग्न थाटात लागलं, नांदायला जायची तारीख तेवढी कुणी काढली नाही. राज्यघटना मंजूर होणं आणि सुरू होणं यात एवढं अंतर असतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं होतं का?

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे. पाच महिन्यांपूर्वी त्याला भर दुपारी दुकानातून उचलून नेलं. अजून तो कुठल्याही न्यायाधीशासमोर उभा राहिलेला नाही. बहीण तुरुंगाच्या फाटकावर डबा देते, डबा तसाच परत येतो. तो आत आहे की नाही, हेही कुणी सांगत नाही. मी कोर्टात गेले. न्यायाधीश सज्जन होते. म्हणाले, "बाई, कलम उत्तम आहे, पण ते अजून सुरूच झालेलं नाही."

घरी आल्यावर बहिणीने विचारलं, "ताई, ते तूच लिहिलंस ना? मग?"

 

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन तर म्हातारपणाच्या खात्यावर मांडा.

साहेब, तारखेचा प्रस्ताव तुमच्याच टेबलावरून मंत्रिमंडळाकडे जातो आणि ते टेबल शुक्रवारपर्यंत तुमचं आहे. प्रस्ताव पाठवणार की नाही, नसाल तर का, हे शुक्रवारी दुपारी तीनच्या आत लेखी कळवा. उत्तर माझ्या नावाने नको, माझ्या बहिणीच्या नावाने पाठवा. दार वाजलं की धावत तीच जाते.