टोमण्यांची लस

मंडळी, बसा. मागच्यांनो, भिंत सोडा आणि पुढे या, मी काही परीक्षा घेत नाही. प्रश्न मात्र एक विचारणार आहे. माणसाच्या मनाला काहीच लागेनासं झालं — शिवी नाही, टोमणा नाही, कुणाचं रडणंसुद्धा नाही — तर ती देवाची कृपा समजायची की रोग?

पुढच्या रांगेतले काका मान डोलवतायत. कृपाच म्हणे! काकूंना विचारून घेते मी नंतर.

आजच्या कीर्तनाचा हा प्रश्न मला पोथीत नाही सापडला. शाळेत सापडला, इंग्रजीच्या तासाला! धड्यात शब्द आला, इनॉक्युलेशन. आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, लस टोचणे! बाई म्हणाल्या, बरोबर, पण अर्धंच. इंग्रजी बोलणारी माणसं हा शब्द दवाखान्याबाहेरही वापरतात. लहानपणी चार सामने हरलेल्या पोराला पुढे हरायची भीती उरत नाही — तर म्हणायचं, याला पराभवाची लस टोचलीय. बाजारात फसून फसून शहाण्या झालेल्या बाईला जाहिरातींची लस टोचलीय. आणि पुढाऱ्याला? त्याला निंदेची! थोडं थोडं आधीच घ्या, म्हणजे मोठं आलं तरी बाधत नाही.

आता गंमत बघा. निंदा ऐकूनही ज्याला काही वाटत नाही, त्याला आपल्याकडे काय म्हणतात? बोला ना, लाजू नका — कोडगा! तिकडे म्हणे तो सुरक्षित, इकडे कोडगा. माणूस तोच! मग खरं कोणाचं? ऐका.

एक गाव होतं. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही त्या गावाला हसाल आणि स्वतः सुटाल. त्या गावचे सरपंच दौलतराव काळोखे. माणूस वाईट नव्हता हो, पण नाकावर राग. कुणी वाकडं बोललं की संपलं! एकदा भर ग्रामसभेत त्यांनी माईक फेकून मारला होता. मारला कुणाला, लागला कुणाला — ते जाऊ दे. आणि आता त्यांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं. तिथे तर विरोधक टपलेलेच!

त्यांची सून रोहिणी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं जेवता जेवता सहज हा शब्द सांगितला. दौलतरावांचा घास हातातच राहिला. अरे, म्हणजे रागावर लस आहे की!

दुसऱ्या दिवशी ते गेले गिरजाकाकूंकडे. गिरजाकाकू म्हणजे गल्लीतली सगळ्यात तिखट जीभ. त्यांच्या दारावरून कुत्रंसुद्धा मान खाली घालून जायचं. दौलतरावांनी हात जोडून सांगितलं, काकू, रोज सकाळी माझ्या ओट्यावर चहाला या आणि मला टोचेल असं एक बोला. काकूंना वाटलं, याला ऊन लागलं. पण चहाही मिळणार आणि बोलायलाही मिळणार — असं आमंत्रण कोण सोडतंय!

पहिला डोस मिशीचा. "दौलता, मिशीला कलप लावतोस, अकलेला कधी लावणार?" दौलतरावांनी बशी खाली आपटली. पण गिळलं. मग पोटावरून झालं, मग भाषणावरून, मग थेट बापजाद्यांवरून. हळूहळू राग यायचा थांबला. मग तर हसू यायला लागलं! सभेत विरोधक चोर म्हणाला, तर यांनी हसून त्यालाच नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लस लागू पडली, मंडळी!

आणि मग एक सकाळ आली. गिरजाकाकू आल्या, पण बसल्या नाहीत. चहा तसाच निवला. म्हणाल्या, "दौलता, नाल्यापाशी नळाची पाइप फुटलीय. गटाराचं पाणी आत जातंय. पोरांना जुलाब लागलेत. माझी ईश्वरी तालुक्याला सलाईनवर आहे."

ईश्वरी म्हणजे त्यांची नात. पहिलीतली.

दौलतराव काय म्हणाले असतील? विचार करा.

हसले. म्हणाले, "वा काकू! आजचा डोस जबरी."

काकूंनी सांगितलं, हा डोस नाही, खरं आहे. ते म्हणाले, अशी युक्ती तुम्हालाच सुचायची. काकू रडल्या. ते म्हणाले, आज रडून दाखवताय, वा! ते नाटक करत नव्हते, मंडळी. त्यांना खरंच काही लागत नव्हतं. काकूंनी आपल्याच जिभेनं रोज थोडं थोडं टोचून त्या माणसाला सगळ्या खऱ्या शब्दांपासून सुरक्षित करून ठेवलं होतं.

आता दाद मागायची कुणाकडे? काकू बसस्टँडवर बसून राहिल्या. तालुक्याची गाडी यायची होती. आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं — आपण याला कडू टोचलं. गोडाची लस कुठे दिलीय?

दुसऱ्या दिवशी देवळासमोर सत्कार! बचत गटाच्या बायकांनी रांगोळी काढली. दौलतराव फेटा बांधून हजर. शाल घातली, नारळ दिला. गिरजाकाकूंनी भाषण केलं — तेही अहोजाहो करून! म्हणाल्या, सरपंचसाहेब, आपल्यासारखा कर्ता माणूस गावानं पाहिला नाही. दौलतराव फुलले. काकू आपल्याला अहोजाहो का करतायत, एवढंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग चांदीचा पेला पुढे आला, गावच्या नळाच्या पाण्यानं भरलेला. पहिला घोट मानकऱ्याचा.

दौलतरावांनी पेला तोंडाशी नेला. आणि वास आला.

सगळं गाव बघत होतं. काकू हात जोडून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "घ्या ना. ईश्वरीनं हेच पाणी प्यायलं होतं."

सवयीचं हसू लवकर जात नाही, मंडळी. आधी पेला कलंडला, पाणी शालीवर सांडलं. मग ओठ मिटले. पेला तिथेच ठेवून ते तसेच फेट्यात नाल्याकडे चालत गेले. संध्याकाळपर्यंत पाइप जोडून झाली. ईश्वरी वाचली — तुमच्या तोंडावर तोच प्रश्न दिसतोय म्हणून सांगते. पण ती सलाईननं वाचली. सरपंचांमुळे नाही.

म्हणून लस वाईट का? छे! आरोग्य केंद्राच्या आशाताई इथेच बसल्यात. उद्या लसीकरण आहे, बाळांना घेऊन त्यांच्याकडे जा, उशीर करू नका. रोगाची लस घ्या. दुसऱ्याच्या रडण्याची घेऊ नका.

आता तुमच्याकडे येते. दौलतरावांना हसलात ना? तुम्ही दरवर्षी सप्ताहाला येता. दया करा, खोटं बोलू नका, आईबापांना सांभाळा — एवढासा डोस, वर महाप्रसादाचा बूस्टर! मग वर्षभर निर्धास्त! देव जरी दारात येऊन रडला तरी तुम्ही म्हणाल, वा, काय आवाज लागलाय.

म्हणून आज एक मागते. निघताना माझ्या पाया पडू नका. मी दहावीत आहे, मला लाज वाटते. आणि "छान झालं कीर्तन" असं तर मुळीच म्हणू नका. कुठला शब्द लागला तेवढं सांगा. लागला नसेल तर गप्प घरी जा, आणि घरात कोण कधीपासून काय सांगतंय, ते आज एकदा चहा बाजूला ठेवून ऐका.