रंगवलेल्या शिंगांचं घड्याळ

घड्याळाचं इचारलंत म्हणून सांगते. माझी नात सुजाता परभणीला नोकरीला हाय. बाप निवृत्त व्हायला आला, तर त्याला जुनं पण भारी परदेशी घड्याळ द्यायचं तिच्या मनात. फोनवरल्या लिलावात बोली लावायली होती, सगळी बचत घालून.

"आजी, तीस वर्षं वापरलेलं हाय, तरी बघ कसं नवं दिसायलंय."

"तीस वर्षं मनगटावर, अन् एक ओरखडा न्हाई? तुझ्या आज्यानं सोनपेठच्या बाजारातून असाच बैल आणला होता. वय लपवायला शिंगं तासून, रंगवून चकचकीत केलेला. औताला जुंपला तर खालीच बसला. त्या माणसाला म्हण, मागचं झाकण उघडून दाव."

तिनं तसं लिहिलं. उत्तर आलं, "विश्वास नसेल तर राहू द्या. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

"मग थांबू दे त्याला," मी म्हणलं.

महिन्यानं दुसरं सापडलं. काचेवर चरा होता, पण विकणाऱ्यानं आपणहून आतला नंबर दावला, काय दुरुस्त केलं तेबी सांगितलं. जाणत्या घड्याळवाल्यानं उघडून खरं म्हणल्यावरच सुजातानं पैसे सोडले.

लेकानं घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"सुजे, ह्याला तर चरा हाय की."

"म्हणूनच घेतलं, बाबा."